काजऱ्याची बी आणि नक्स व्होमिकाच्या गोळ्या

प्रश्न : आमच्या परसात काजरा आहे. लहानपणी त्याच्या फळांना हात लावला तरी आजी ओरडायची. आता अपचनावर होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी दिलेलं ‘नक्स व्होमिका’ त्याच झाडाचं निघालं. मग गोळ्यांनी काही होत कसं नाही? आणि घरचीच बी उगाळून घेतली तर?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : मुळीच घेऊ नका. आजींचं बरोबर होतं.

झाड तेच, आयुर्वेदातला कुचला. नारिंगी फळातल्या त्या कोटाच्या बटणांसारख्या चपट्या, लवदार बियांमध्ये स्ट्रिक्नीन असतं, बीच्या वजनाच्या साधारण एक टक्का. मोठ्या माणसाचा जीव जायला ३० ते १२० मिलिग्रॅम स्ट्रिक्नीन पुरतं. अख्खी गिळलेली बी कठीण कवचामुळे कधी कधी तशीच पडून जाते. उगाळली की विष मोकळं होतं. मज्जारज्जूत ग्लायसिन हे रसायन स्नायूंना आवरून धरतं. स्ट्रिक्नीन नेमकं त्याचंच काम बंद पाडतं. मग नुसत्या आवाजाने, स्पर्शानेही झटके येतात, पाठीची कमान होते, शेवटी श्वासाचे स्नायू आखडतात. माणूस बहुतेक वेळ शुद्धीवर असतो, हे त्यातलं सगळ्यात भयंकर. यावर नेमका उतारा नाही. दवाखान्यात झटके थांबवायचे आणि श्वास चालू ठेवायचा, एवढंच करता येतं.

आता गोळ्या. ‘३०’ म्हणजे अर्काचा एक भाग शंभरात, त्यातला एक पुन्हा शंभरात, असं तीस वेळा. बाराव्या वेळेलाच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची आशा मावळते. तुमच्या गोळीत काजरा नाही, साखर आहे. म्हणून ती बाधत नाही, आणि माझ्या मते म्हणूनच अपचनावर ती काही करतही नाही. ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सगळे पुरावे तपासले. होमिओपॅथी खात्रीने लागू पडते असा एकही आजार तिला आढळला नाही. तुमच्या डॉक्टरांना हे पटणार नाही, याची कल्पना आहे.

पण बाटलीवर ‘क्यू’ म्हणजे मदर टिंक्चर असेल, किंवा १एक्स, २एक्स, तर गोष्ट वेगळी. त्यात खरोखरचा अर्क असतो. ती थेंबांची बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि ‘होमिओपॅथीचं आहे, काही होत नाही’ म्हणून थेंब वाढवू नका. लेबलावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. अमेरिकेत बाळांच्या दातांसाठीच्या बेलाडोनाच्या होमिओपॅथिक गोळ्या तपासल्या, तेव्हा विषाचं प्रमाण गोळीगणिक बदलत होतं, काहींत लिहिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त. २०१७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने पालकांना त्या वापरू नका असं बजावलं.

वैद्य कुचला देतात तो गोमूत्र, दूध, तूप यांत शुद्ध करून, तोही मोजून. तरीसुद्धा कायद्याने तो विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावा, अशी सूचना त्याच्या औषधावर छापावी लागते. झाड तोडायची गरज नाही. खाली पडलेली फळं तेवढी रोज उचला.