रेझिनचं काम: आधी मोजमाप, मग हौस



गेल्या काही महिन्यांपासून गटांच्या बैठकांमध्ये एक प्रश्न सारखा येतोय: "ताई, ते काचेसारखं पारदर्शक रेझिनचं काम आम्हाला जमेल का? त्यासाठी गटातून कर्ज घेऊ का?" मोबाईलवर व्हिडिओ बघितला की वाटतं, ओतलं की झालं. काम जमण्यासारखं नक्कीच आहे. पण या कामात दोनच गोष्टींवर सगळं टिकून आहे: मोजमाप आणि हातमोजे. मोजमाप चुकलं तर माल फुकट जातो, हातमोजे टाळले तर कातडीचा त्रास जन्माचा मागे लागू शकतो. म्हणून कर्जाचा अर्ज भरण्याआधी हा पाठ बैठकीत एकदा मोठ्याने वाचा.

रेझिन म्हणजे नेमकं काय?

आपण इपॉक्सी ओळखतो, फक्त नावाने ओळखत नाही. गळका पाइप बुजवायला एम-सीलचे दोन गोळे मळतो, किंवा अराल्डाइटच्या दोन ट्यूब मिसळून वस्तू चिकटवतो. ते इपॉक्सीच. हस्तकलेचं रेझिन हा त्याचाच पातळ, पारदर्शक भाऊ. दोन बाटल्या येतात: एक रेझिनची, दुसरी हार्डनरची. दोन्ही मिसळल्या की त्यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि पातळ द्रव कडक होतो. रंग वाळतो तसं हे हवेने वाळत नाही, आतून घट्ट होतं.

इथे एक गैरसमज मोडायला हवा. विरजण जरा जास्त घातलं तर दही लवकर लागतं. रेझिनचं तसं नाही. हार्डनर जास्त घातलं म्हणून काम लवकर होत नाही, उलट वस्तू चिकट किंवा लिबलिबीत राहते आणि नंतर काही केल्या सुधारत नाही. बाटलीवर जे प्रमाण लिहिलंय तेच घ्यायचं. कुठे २ भागाला १, कुठे ३ भागाला १, कुठे समान असतं. ते प्रमाण वजनाने आहे की मापाने, हेही वाचा. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं, त्यामुळे वजनाचं प्रमाण मापाने घेतलं की गणित बिघडतं.

लागणारं सामान

रेझिन-हार्डनरचा लहान संच, ग्रॅमचा अचूक वजनकाटा, सिलिकॉनचे साचे, प्लास्टिकचे कप, ढवळायला सपाट काड्या, नायट्राइलचे हातमोजे, मास्क, पॉलिश पेपर, जुनं वर्तमानपत्र आणि प्लास्टिकचा कागद. रंग घ्यायचा तर रेझिनसाठीचाच घ्या. पाण्यात कालवायचा रंग चालत नाही.

कामाची पद्धत

१. जागा: स्वयंपाकघर नको. खिडकी-दार उघडं राहील अशी खोली किंवा पडवी निवडा, पण वाऱ्याने धूळ उडणार नाही असा कोपरा बघा. टेबल सपाट आहे का ते पाणसळीने तपासा, नाहीतर वस्तू एका बाजूला जाड होते.

२. किती रेझिन लागेल: साच्यात काठोकाठ पाणी भरा आणि ते मोजपात्रात ओतून मोजा. ६० मिली पाणी भरलं तर साधारण ६६ ग्रॅम रेझिन लागेल. मग साचा पूर्ण कोरडा करा. पाण्याचा एक थेंबही राहिला तर तिथे पांढुरका डाग पडतो.

३. मोजणं: काट्यावर कप ठेवून शून्य करा. वजनाने २ ला १ प्रमाण असेल तर ६६ ग्रॅमसाठी ४४ ग्रॅम रेझिन आणि २२ ग्रॅम हार्डनर. अंदाजपंचे ओतू नका.

४. ढवळणं: हळूहळू, ३ ते ५ मिनिटं. कपाच्या कडा आणि तळ खरवडत राहा. मग मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा मिनिटभर ढवळा. पहिल्या कपाच्या तळाशी न मिसळलेला भाग राहतो, आणि वस्तूवर चिकट ठिपके येतात ते बहुधा त्याचेच. जोरात फेटलं तर बुडबुडे होतात.

५. ओतणं: बारीक धारेने. बुडबुडे वर आले की लांब दांड्याच्या लायटरची ज्योत क्षणभर वरून फिरवा. एका जागी धरू नका, साचा जळतो. जवळ स्पिरिट किंवा थिनर ठेवू नका.

६. थर: साध्या रेझिनचा एका वेळी अर्धा ते एक सेंटिमीटर, त्याहून जाड नको. कळीचा चुना भिजवताना जशी उष्णता निघते तशी इथेही निघते. जास्त मिश्रण एकाच कपात पडून राहिलं तर कप तापतो, धूर येतो, मिश्रण दगड होतं. म्हणून थोडं थोडंच करा. मिसळल्यावर हातात साधारण अर्धा तास असतो, कडक उन्हाळ्यात त्याहूनही कमी.

७. झाकणं: वर खोकं उलटं ठेवा. साच्यातून काढायला साधारण २४ तास लागतात, पूर्ण कडक व्हायला तीन दिवस ते आठवडा. तोवर पॅक करू नका, बोटांचे ठसे उमटतात.

फुलं घालायची असतील तर ती पूर्ण सुकलेली हवीत. ताजं फूल आत काळवंडतं. पाकळ्या जाड वहीत दाबून दोन-तीन आठवडे ठेवा. अख्खा गुलाब किंवा शेवंती असेल तर चपलेच्या खोक्यातल्या पुडीत येतात तसे सिलिका जेलचे दाणे विकत आणून त्यात पुरून सुकवा. लग्नाची वरमाला जपून द्यायच्या ऑर्डरी सध्या येतात, पण हात बसल्याशिवाय घेऊ नका. ती माळ पुन्हा मिळत नाही.

काय बिघडलं ते कसं ओळखायचं?

• सगळीकडून चिकट: प्रमाण चुकलं.
• ठिकठिकाणी चिकट: नीट ढवळलं नाही.
• वर तेलकट किंवा धुरकट थर: हवेत दमटपणा होता. साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, कोरडं करा, पॉलिश पेपर मारून पातळ थर द्या.
• आत बुडबुडे: रेझिन गार होतं किंवा जोरात फेटलं. थंडीत बंद बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा.
• पिवळेपणा: उन्हामुळे येतो. तयार माल अंधारात ठेवा, ग्राहकालाही सांगा.

हंगामाचा पेच

राखी, गणपती, दिवाळी हे आपल्या विक्रीचे दिवस. पण राखी आणि गणपती पावसाळ्यात येतात आणि दमट हवा रेझिनला मानवत नाही. कोकणात तर जास्तच त्रास. म्हणून राखीचा माल पाऊस सुरू होण्याआधी करून, डब्यात बंद करून ठेवावा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात दुपारी हे काम नको, पहाटे उरका.

तब्येत आधी

हा भाग कोणी वगळू नका. कच्चं रेझिन आणि हार्डनर वारंवार कातडीला लागलं की ॲलर्जी होऊ शकते: खाज, पुरळ, सूज. ती पहिल्या दिवशी होईलच असं नाही, काही महिन्यांनीही होते. आणि एकदा झाली की सहसा कायम राहते. पुढे थोडं रेझिन लागलं तरी अंग उठतं. म्हणून "मला काही होत नाही" असं म्हणून मोजे काढू नका.

• मोजे नायट्राइलचेच. बांगड्या-अंगठ्यांनी मोजा फाटतो, त्या आधी काढा. काढायच्या नसतील तर बांगड्या वर सरकवून त्यावर पूर्ण बाहीचा सदरा घाला. मंगळसूत्र आणि पदर आत खोचा.
• मोजे घातलेल्या हाताने मोबाईल, केस, तोंड याला हात लावू नका.
• हाताला लागलं तर साबण आणि पाणी. थिनर किंवा स्पिरिट नको, त्याने ते कातडीत जास्त मुरतं. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.
• घासताना मास्क लावा आणि पाणी लावून घासा, म्हणजे धूळ उडत नाही. कपड्याचा मास्क धूळ थोडीफार अडवतो, वाफ अडवत नाही. त्यामुळे खोली मोकळीच हवी.
• गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी, दमा असलेल्यांनी हिशेब, पॅकिंग, विक्री सांभाळावी. लहान मुलं त्या खोलीत नकोत.
• उरलेलं मिश्रण मोरीत ओतू नका. कपातच घट्ट होऊ द्या, मग कचऱ्यात टाका. चुलीत तर मुळीच घालू नका.

दुरुस्तीला कुठे चालतं?

चौरंगाची चीर, टेबलाची फुटकी कड, देव्हाऱ्याचं लाकूड हे सगळं छान भरून निघतं. लाकूड कोरडं हवं, पॉलिश पेपर मारलेलं हवं. आधी पातळ थर द्या आणि तो थोडा घट्ट झाल्यावर चीर भरा. नाहीतर लाकडातली हवा बुडबुडे होऊन वर येते. प्लास्टिकच्या बादलीला मात्र हे धरत नाही. आणि पोळपाट, ताट, पाण्याचं भांडं, गॅसवरची भांडी यांना लावायचं नाही. साधं रेझिन ५०-६० अंशांपुढे मऊ पडायला लागतं, गरम चहाच्या कपाचाही वळ उमटतो. "खाण्याच्या भांड्याला चालेल" असं सांगून विकू नका.

आता पैशाचं बोलू

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भावाने पुन्हा मांडा. समजा, ७५० ग्रॅमचा संच ९०० रुपयांना पडला. म्हणजे एक ग्रॅम १ रुपया २० पैसे.

कपाखाली ठेवायची चकती, ७० ग्रॅम: रेझिन ८४, वाया जाणारं ८, रंग-मोजे-खोकं १५, साच्याची झीज ५, मजुरी २५. एकूण १३७ रुपये. चारचा संच ५४८ रुपयांना घरातच पडला. तो ५०० ला विकला तर आपण पदरचे ४८ रुपये देतोय.

किल्लीची साखळी, १० ग्रॅम: रेझिन १२, वाया १, कडी-साखळी ६, इतर ४, मजुरी १०. एकूण ३३ रुपये. ७०-८० ला विकली तरी हातात पैसे राहतात.

यातून कळतं काय? रेझिन महाग आहे, म्हणून पैसा जाडीत नाही, नक्षीत आणि नावात आहे. सुरुवात साखळी, कानातले, राखी यांपासून करा. मोठे ट्रे नंतर. आणि मजुरी धरल्याशिवाय भाव ठरवू नका. आपले दोन तास फुकटचे नाहीत.

पहिल्यांदा मोठं कर्ज नको. दोघी-तिघींनी मिळून एक लहान संच आणावा, त्यातून निघालेला माल बाजारात किंवा शाळेच्या कार्यक्रमात विकून बघावा, मग गटापुढे हिशेब ठेवून कर्ज मागावं. "प्रशिक्षण आणि सामान घ्या, सगळा माल आम्ही परत विकत घेतो" असं कोणी सांगत आला तर लेखी कागद मागा आणि ग्रामसंघात विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावात या कामासाठी हवेशीर, स्वयंपाकघरापासून वेगळी जागा कोणाकडे आहे?
२. कोण मोजेल, कोण ओतेल, कोण हिशेब ठेवेल?
३. आपल्या बाजारात ५० ते १०० रुपयांत कोणती वस्तू खपेल?
४. मोजे आणि मास्कचा खर्च आपण भावात धरला का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल, तर भाव पुन्हा मांडा आणि मगच पहिली बाटली उघडा.