लिहिलेला शब्द, दिलेला शब्द

चि. मृण्मयी,

राजकीय नेत्याची भाषणं लिहून देण्याची नोकरी चालून आली आहे, ती घ्यावी का, असं तू विचारलं आहेस. सोबत बेन ऱ्होड्स यांचा दाखला दिला आहेस. न्यूयॉर्क विद्यापीठात कथालेखन शिकलेला हा तरुण 2007 मध्ये बराक ओबामांच्या प्रचारात भाषणलेखक म्हणून आला आणि पुढे आठ वर्षं व्हाइट हाउसमध्ये राहिला, त्यातला बहुतेक काळ राष्ट्रीय सुरक्षा उपसल्लागार म्हणून. दादाला यात निव्वळ नशीब दिसतं. तुला वाटतं, भाषा चांगली असली की पुढचं सगळं आपसूक जमून येतं. मला दोन्ही पटत नाही. राज्यकर्त्याच्या भाषणाचा मसुदा ही धोरणाची शेवटची आणि सगळ्यात कडक तपासणी असते, म्हणून तो मसुदा प्रामाणिकपणे लिहिणारा माणूस सल्लागार व्हायला खरोखर लायक ठरू शकतो. मात्र त्याने एक गोष्ट कधीच विसरता कामा नये. आपल्याकडे 'शब्द देणं' म्हणजे वचन देणं. राज्यकर्त्यासाठी लिहिलेलं प्रत्येक वाक्य हा कोणाला तरी दिलेला शब्द असतो आणि तो निभवायचा कसा, याचा हिशेब लिहिणाऱ्याकडे असावाच लागतो.

मसुदा ही तपासणी कशी, ते ऱ्होड्स यांच्या आधीच्या एका माणसाकडे पाहिलं की कळतं. थिओडोर सोरेन्सन 1953 पासून जॉन केनेडींसोबत होते आणि त्यांची भाषणं लिहीत होते. ऑक्टोबर 1962 मध्ये सोव्हिएत क्षेपणास्त्रं क्यूबात उभी राहत असल्याचं उघड झालं, तेव्हा केनेडींनी जे मोजके लोक रोज खलबतासाठी जमवले त्यांत सोरेन्सनही होते. हवाई हल्ला करावा की समुद्रात नाकेबंदी करावी, यावर दोन तट पडले होते. नाकेबंदीच्या बाजूने कौल झुकू लागला आणि सोरेन्सन भाषण लिहायला बसले. लिहू लागल्यावर जे बोलण्यात ठीक वाटलं होतं ते कागदावर उभं राहीना. नाकेबंदीने नवी जहाजं अडतील, पण जी क्षेपणास्त्रं बेटावर पोचली आहेत ती कशी हटणार? ती डागण्याजोगी झाली तर आपण काय करणार? सोव्हिएत नेते ख्रुश्चेव यांच्याशी बोलायचं कुठल्या मार्गाने? हे प्रश्न घेऊन ते पुन्हा बैठकीत गेले आणि त्यांची उत्तरं मिळाल्यावरच मसुदा पुढे सरकला. 22 ऑक्टोबरच्या भाषणात 'नाकेबंदी' हा शब्द टाळून 'क्वारंटाइन' म्हटलं गेलं, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धाची कृती ठरते. त्या एका शब्दाने ख्रुश्चेव यांना माघारीची वाट मोकळी ठेवली. बैठकीत अर्धवट विचार खपून जातो, कारण जो तो त्यात आपल्याला हवं ते ऐकतो. कागदावर कर्ता लागतो, क्रियापद लागतं, काळ लागतो. कोण, काय, कधी करणार हे न ठरवता प्रामाणिक वाक्य पुरं होत नाही. हे ज्याला कळलं त्याला धोरण कळू लागलं.

यावर पहिला आक्षेप असा की, कथा लिहायला शिकलेल्या माणसाला परराष्ट्र धोरण काय कळणार? आक्षेप रास्त आहे, पण ऱ्होड्स यांच्या चरित्राकडे नीट पाहिलं तर उत्तर तिथेच आहे. ओबामांकडे येण्याआधी सुमारे पाच वर्षं ते ली हॅमिल्टन यांच्या हाताखाली होते. हॅमिल्टन 34 वर्षं अमेरिकी प्रतिनिधीगृहात होते, 11 सप्टेंबरच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचे उपाध्यक्ष होते आणि इराकबद्दलच्या अभ्यासगटाचे जेम्स बेकर यांच्याबरोबरचे सहअध्यक्ष होते. या गटाच्या 2006 मधल्या अहवालाच्या लेखनात ऱ्होड्स यांचा हात होता. दोन्ही पक्षांची मिळून दहा माणसं, शिफारशी 79 आणि प्रत्येक शब्दावर दहाही जणांची संमती हवी. कुठलं विशेषण कोणाला खुपेल, कुठल्या शब्दाने सैन्यावर कुठली जबाबदारी येईल, याचं शिक्षण अशा कामात जसं मिळतं तसं वर्गात मिळत नाही. म्हणजे ऱ्होड्स भाषेच्या जोरावर आत आले हे अर्धंच खरं. पाच वर्षांची उमेदवारी त्याच्या तळाशी होती. तुझ्या डोळ्यांसमोर व्हाइट हाउस आहे. मला वाटतं, तू त्या पाच वर्षांकडे पाहावंस.

भाषणलेखकाच्या हाती तज्ज्ञाकडे नसलेलं काय असतं, ते क्यूबाच्या वाटाघाटीत दिसलं. जानेवारी 1961 मध्ये अमेरिका आणि क्यूबा यांचे राजनैतिक संबंध तुटले होते. 2013 मध्ये ओबामांनी गुप्त बोलणी सुरू करायला दोघांना पाठवलं. एक ऱ्होड्स आणि दुसरे रिकार्दो झुनिगा. झुनिगा परराष्ट्र सेवेतले मुरलेले अधिकारी होते आणि हवानात काम करून आलेले होते. क्यूबाचा तपशील त्यांना तोंडपाठ होता. ऱ्होड्स यांची ताकद निराळी होती. हा माणूस बोलतो ते राष्ट्राध्यक्षांच्याच मनातलं, हे समोरच्यांना माहीत होतं. ज्याची वाक्यं तुम्ही वर्षानुवर्षं लिहिता त्याचं मन तुम्हाला कळतं आणि त्याचा तुमच्यावरचा विश्वास जगालाही दिसतो. कॅनडात बैठका झाल्या, पोप फ्रान्सिस यांनी मध्यस्थी केली आणि सुमारे दीड वर्षाने, 17 डिसेंबर 2014 रोजी, ओबामा आणि क्यूबाचे राष्ट्राध्यक्ष राउल कॅस्ट्रो यांनी एकाच वेळी आपापल्या देशात संबंध पुन्हा जोडण्याची घोषणा केली. जुलै 2015 मध्ये संबंध पूर्ववत झाले. मार्च 2016 मध्ये ओबामा हवानात गेले; 1928 नंतर पदावरचा अमेरिकी राष्ट्राध्यक्ष तिथे गेला नव्हता. पण या यशात दोन माणसं होती हे विसरू नकोस. झुनिगांशिवाय ऱ्होड्स पोकळ ठरले असते, आणि ऱ्होड्स नसते तर झुनिगांच्या शब्दामागे राष्ट्राध्यक्षाचं वजन आलं नसतं.

आता दुसरा आक्षेप, आणि हा जास्त गंभीर आहे. शब्दांनी जिंकायची सवय लागलेला माणूस शेवटी सत्य सांगण्यापेक्षा ते खपवण्यात रमतो. ऱ्होड्स यांच्याबाबतीत याला आधार आहे. मे 2016 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन'मध्ये त्यांच्यावर दीर्घ लेख आला. इराणशी झालेल्या अणुकराराच्या बाजूने तज्ज्ञांचं असं वर्तुळ उभं केलं की ते आमचंच म्हणणं परत ऐकवत होतं, अशा अर्थाचं त्यांनी त्यात सांगितलं आणि तरुण पत्रकारांच्या अज्ञानावरही शेरा मारला. मला यात वाईट वाटतं ते याचं की, मूळ काम भक्कम होतं. जुलै 2015 च्या त्या कराराने इराणचा समृद्ध युरेनियमचा साठा 300 किलोवर आणला, म्हणजे सुमारे 98 टक्के कमी केला, आणि अटी पाळल्या जात असल्याचं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक तपासून सांगत होते. एवढा पुरावा हाताशी असताना, आपण तो कसा पटवला याची फुशारकी मारल्याने पुराव्यावरच संशयाचं सावट आलं. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. करार सिनेटने मंजूर केलेला तह नव्हता, त्यामुळे मे 2018 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी एका निर्णयाने अमेरिकेला त्यातून बाहेर काढलं. यावर उपाय कमी बोलण्याचा नाही. वाक्याचं वजन पुराव्याइतकंच ठेवणं आणि श्रेयाच्या वेळी मागे राहणं, हा आहे.

एकाच लेखणीने पोकळ शब्द आणि पाळलेला शब्द ही दोन्ही टोकं कशी गाठली, हे पाहायचं असेल तर जॉर्ज बुश यांचे प्रमुख भाषणलेखक मायकेल गर्सन यांच्याकडे बघ. तेही पुढे त्याच व्हाइट हाउसमध्ये धोरण सल्लागार झाले. जानेवारी 2002 च्या, संसदेसमोरच्या वार्षिक भाषणासाठी त्यांचे सहकारी डेव्हिड फ्रम यांनी 'द्वेषाचा अक्ष' असं सुचवलं होतं, गर्सन यांनी त्याचं 'दुष्टतेचा अक्ष' केलं. इराण, इराक आणि उत्तर कोरिया एका दावणीला बांधले गेले. वास्तविक इराण आणि इराक आठ वर्षं एकमेकांशी लढलेले आणि जेमतेम दोन महिन्यांपूर्वी अफगाणिस्तानच्या नव्या सरकारसाठी बॉनमध्ये इराणने अमेरिकेला सहकार्य केलेलं. त्या वाक्यामागे कुठलीच एकसंध योजना नव्हती आणि तेहरानमध्ये अमेरिकेशी बोलू पाहणाऱ्यांचीच त्याने कोंडी केली. पुढच्याच वर्षीच्या वार्षिक भाषणात आफ्रिकेतल्या एड्सविरुद्ध पाच वर्षांत 15 अब्ज डॉलर देण्याची घोषणा होती. तिच्यासाठी गर्सन यांनी आतून आग्रह धरला होता. मे 2003 मध्ये त्याचा कायदा झाला, औषधं पोचली, आणि अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार या कार्यक्रमाने अडीच कोटी जीव वाचवले. पहिलं वाक्य जगाच्या तोंडी बसलं, दुसरं फारसं कोणाला आठवत नाही. पण दुसऱ्यामागे रक्कम होती, मुदत होती आणि कायदा होता.

ऱ्होड्स यांच्या लेखणीलाही हीच कसोटी लाव. 4 जून 2009 च्या कैरोतल्या भाषणात इराणमधलं 1953 सालचं लोकनियुक्त सरकार उलथवण्यात अमेरिकेचा हात होता, हे राष्ट्राध्यक्षाने मान्य केलं. त्या वाक्याची किंमत ते उच्चारतानाच चुकती झाली होती, म्हणून ते टिकलं. त्याच भाषणात इस्रायलच्या नव्या वसाहती अमेरिकेला मान्य नाहीत, असंही ठणकावलं होतं. फेब्रुवारी 2011 मध्ये त्याच आशयाचा ठराव सुरक्षा परिषदेत आला, 14 देशांनी पाठिंबा दिला आणि अमेरिकेने नकाराधिकार वापरून तो पाडला. ज्यांनी कैरोत टाळ्या वाजवल्या होत्या त्यांच्या लेखी तो शब्द खाली पडला.

तू म्हणशील, मग हे सगळं मुरलेल्या मुत्सद्द्यांवरच का सोडू नये? सोडू नये, कारण दहा खात्यांच्या हातून फिरलेला मसुदा बहुतेकदा तोंडदेखला होतो. 1987 मध्ये बर्लिनची भिंत पाडण्याचं आवाहन रेगन यांच्या भाषणातून काढावं म्हणून परराष्ट्र खातं आणि राष्ट्रीय सुरक्षा परिषद दोन्ही अडून बसले होते. पीटर रॉबिन्सन या भाषणलेखकाने ते लिहिलं आणि रेगन यांनी ठेवलं. खात्यांची सावधगिरी गरजेची आहे, पण राज्यकर्त्याचा खरा निश्चय कुठे आहे हे ओळखणारा कोणीतरी टेबलाशी हवाच.

म्हणून माझं मत असं: नोकरी घे, पण तीन पथ्यं पाळ. पहिलं, एक प्रदेश निवड आणि त्याची भाषा, इतिहास, अर्थकारण असं शिक की तिथला माणूस तुझ्याशी बरोबरीने बोलेल. दुसरं, तुझ्याहून जास्त जाणणारा एक झुनिगा शोध आणि श्रेयात त्याचं नाव आधी घे. तिसरं, एक वही ठेव. भाषणातलं प्रत्येक आश्वासन डावीकडे लिही. उजवीकडे ते कोण पुरं करणार, कुठल्या पैशातून, कुठल्या कायद्याने आणि कधीपर्यंत, ते लिही. उजवी बाजू कोरी राहिली तर वाक्य कितीही सुंदर असो, साहेबांना स्पष्ट सांगून ते काढून टाक. असं सांगण्याची हिंमत ज्या दिवशी येईल त्या दिवशी तू सल्लागार झालेली असशील, मग पाटीवर हुद्दा काहीही असो. आणि ते सांगूनही कोणी ऐकत नसेल, तर ती जागा सोड.

दादा-वहिनींना हे पत्र वाचायला दे.

तुझा,
काका