पेशी मऊ, गाठ कडक!

एस.ई.ला असताना यूटीएमवर सळई ओढून तोडली नाही असा मेकॅनिकलवाला किंवा सिव्हिलवाला सापडणार नाही. आलेख काढला, यंग्ज मोड्युलस लिहिला, जर्नल सबमिट केले आणि विसरून गेलो! पण हाच मोड्युलस कॅन्सरच्या संशोधनात वापरतात हे वाचले तेव्हा मी चाटच पडलो.

कॅन्सरने माणूस दगावतो तो बहुतेक वेळा मूळ गाठीमुळे नव्हे, तर रोग शरीरात दुसरीकडे पसरल्यामुळे. पसरायचे तर पेशीला जागेवरून सुटावे लागते, फटींतून घुसावे लागते, रक्ताच्या प्रवाहात टिकावे लागते. ही सगळी यांत्रिक कामेच झाली की!

पेशीची टेस्ट कशी घेतात?

पेशीला यूटीएमच्या जबड्यात धरता येत नाही. त्यासाठी ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप असतो. त्यात आपल्या ओळखीचा कँटिलिव्हर बीमच असतो, फक्त अगदी सूक्ष्म. त्याचे टोक पेशीवर हलकेच दाबायचे आणि बीम किती वाकला ते लेसरने मोजायचे. किती बलाला टोक किती आत गेले हे कळले, की हर्ट्झने १८८२ साली मांडलेल्या सूत्रावरून मोड्युलस काढता येतो. बॉल बेअरिंग शिकताना भेटतो तोच हा हर्ट्झ.

२००७ साली लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातील संशोधकांनी रुग्णांच्या फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातल्या पेशी अशा मोजल्या. निरोगी पेशी भरल्या सरासरी २ किलोपास्कलच्या आसपास, तर पसरलेल्या कॅन्सरच्या पेशी जेमतेम अर्धा किलोपास्कल. म्हणजे ७० टक्क्यांहून जास्त मऊ! नुसत्या आकारावरून ज्या पेशी ओळखणे अवघड होते, त्या दाबून पाहिल्यावर ओळखू आल्या. तुलनेसाठी सांगतो, स्टीलचा मोड्युलस २०० गिगापास्कल, म्हणजे निरोगी पेशीच्या दहा कोटी पट.

मऊपणाचा फायदा

पेशीच्या आत प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा असतो. कॅन्सरच्या अनेक पेशींत त्याची बांधणी ढिली पडते. अशी पेशी साधारण १० ते २० मायक्रॉनची आणि केशवाहिनीचा व्यास ५ ते १० मायक्रॉन. कडक पेशी अडकून बसेल, मऊ पेशी आकार बदलून निसटते. खरी अडचण होते ती केंद्रकाची, कारण पेशीतला सगळ्यात ताठ भाग तोच. फट फारच अरुंद असली तर केंद्रकामुळे पेशी तिथेच थांबते. जबरदस्तीने घुसताना केंद्रकाचे आवरण फाटते, पेशी ते दुरुस्त करते आणि पुढे सरकते, हे २०१६ साली दाखवले गेले. या ओढाताणीत डीएनएची मोडतोड होते, त्यामुळे पेशी आणखी बिघडू शकते. अर्थात रक्तात शिरलेल्या बहुतेक पेशी मरतात. तगतात त्या मोजक्याच, पण तेवढ्याही पुरतात.

मग गाठ हाताला कडक का लागते?

मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर सिव्हिलवाल्यांना पटकन कळेल. गाठ म्हणजे नुसत्या पेशी नव्हेत. पेशींभोवती कोलॅजेनचे तंतू असतात, आरसीसीतल्या सळयांसारखे. गाठीत हे तंतू वाढतात आणि एकमेकांना घट्ट बांधले जातात. उंदरांच्या स्तनग्रंथींवर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात निरोगी ऊतक सुमारे १७० पास्कल होते, तर गाठ सुमारे ४००० पास्कल.

गंमत पुढेच आहे. आजूबाजूला कडक लागले की पेशी तंतूंना जास्त जोराने ओढतात, त्याने तंतू अजून ताठ होतात. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत हा पॉझिटिव्ह फीडबॅक! ओढून सरळ झालेले तंतू मग बाहेर पडणाऱ्या पेशींना रुळांसारखे उपयोगी पडतात. गाठीतल्या दाबाने रक्तवाहिन्याही चेपतात आणि औषध आत नीट पोहोचत नाही. हे कोडे आयुष्यभर सोडवणारे राकेश जैन हे आयआयटी कानपूरचे केमिकल इंजिनिअर आहेत, डॉक्टर नव्हेत.

आपल्या कामाचे काय?

ही कडकपणाची खूण ओळखायला दरवेळी महागडे यंत्र लागतेच असे नाही. मुंबईत १९९८ साली टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केली. २०२१ साली निष्कर्ष आले. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून तरुण स्त्रियांत मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही.

प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. पण 'दुखत नाही ना, मग राहू दे' हे चुकीचे आहे, कारण कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. पुढच्या वेळी घरी फोन कराल तेव्हा आईला, मावशीला, काकूला हे जरूर सांगा.

आणि हॉस्टेलमधल्या मावा-गुटखावाल्यांनो, तुमच्यासाठीही कोलॅजेनचेच गणित आहे. सुपारीने गालाच्या आतले कोलॅजेन वाढते, गाल ताठ होतात, मेसची साधी भाजीसुद्धा झोंबायला लागते आणि तोंड हळूहळू कमी उघडते. पुढे यातून कॅन्सर होऊ शकतो. तोंड उघडून तीन बोटे उभी आत जातात का, आजच बघा. जात नसतील तर पुडी फेका आणि डेंटिस्टकडे जा. सळई यील्ड झाली की मूळ मापावर परत येत नाही, हे तर आपण लॅबमध्ये पाहिलेच आहे!