काहून पळायलाव, मॅडम?

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी मुंबई मॅरेथॉन धावले. अर्धी नाही, पूर्ण. ४२.१९५ किलोमीटर. त्याआधी माझं धावणं म्हणजे सकाळची एसटी आणि शाळेची पहिली घंटा यांच्यामधलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, राहते परभणीत, वसमत रोडला. ऑगस्ट ते जानेवारी सराव केला. त्या दिवसांत जे कळलं, ते विसरायच्या आत उतरवून ठेवते आहे. एरवी मी शिकवणारी. इथे मात्र मागच्या बाकावरची विद्यार्थिनी होते.

१. बाई पळताना दिसली की घरात काहीतरी विपरीत घडलंय, असंच लोक धरून चालतात. पहिल्याच आठवड्यात असोला पाटीजवळ एका आजोबांनी मोटारसायकल थांबवली. ‘काहून पळायलाव मॅडम? दवाखान्यात कोन हाय?’ म्हटलं, कोणी नाही, असंच पळतेय. ते ‘असंच’ त्यांच्या पचनी पडेना. ‘बसा, सोडतो,’ म्हणाले. मी नको म्हटल्यावर बराच वेळ माझ्या वेगाने, म्हणजे जवळजवळ गाडी बंद पडेल अशा वेगाने, शेजारून येत राहिले. मग आठवून पाहिलं, बायका पळताना मी तरी कधी पाहिल्या होत्या? टँकर आला की, गाडी सुटायला आली की, आभाळ भरून आलं नि अंगणात मिरच्या वाळत असल्या की. विनाकारण पळणारी एकही आठवेना. दुसऱ्या दिवशी कोणीतरी पुन्हा विचारलं, तेव्हा मी बेधडक खोटं बोलले : ‘शुगर हाय. डॉक्टरनं सांगितलंय.’ सगळा रस्ता एकदम मऊ झाला. दोन महिने मी मधुमेही म्हणून पळले. दूधवाल्याच्या बायकोने मेथ्या पाठवल्या.

२. थोरामोठ्यांची जयंती साजरी करायची शिक्षकी खोड पळतानाही सुटत नाही. फळ्यावर दिनविशेष लिहिण्यात हयात गेलेली. म्हणून दर रविवारची लांबची धाव एकेका धावपटू बाईच्या नावाने करायची ठरवली आणि तळहातावर बॉलपेनने तिचं नाव लिहून निघू लागले. चौदा किलोमीटर सावरपाड्याच्या कविता राऊतचे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिने कांस्य मिळवलं. ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी राष्ट्रकुलमधली ती पहिली भारतीय बाई. अठरा किलोमीटर मोहीच्या ललिता बाबरचे. माणसारख्या दुष्काळी तालुक्यातली, आधी खो-खो खेळणारी मुलगी. २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली, आणि २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत. मीही शाळेत खो-खो खेळायचे. पण बाईंनी मला ‘खो’ मिळणारच नाही अशा जागी बसवलेलं असायचं, ते सोडा. आठ-नऊ किलोमीटरनंतर घामाने तळहातावरचं नाव पुसलं जायचं. मला वाटलं होतं या नावांनी स्फूर्ती येईल. प्रत्यक्षात लाजच जास्त वाटायची, आणि लाजेवरही माणूस चार-पाच किलोमीटर जातो.

३. अंगावर येणारं ओझं कोणी नाकारत नाही, हौसेचं नाकारतात. माझी मावशी म्हणाली, ‘या वयात धावू नको, अंग बाहेर येईल.’ ही बाई उभा जन्म कापूस वेचून त्याची गाठोडी डोक्यावर वाहत आली. तेव्हा तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. पुढे वाचनात आलं की साता समुद्रापारच्या बायकांनाही हीच भीती घातली जायची, अगदी गर्भाशयासकट. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या. त्या कशा कोसळल्या याची रसभरीत वर्णनं वर्तमानपत्रांनी छापली, आणि त्यानंतर १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना दोनशे मीटरपेक्षा लांब शर्यतच नव्हती. पी. टी. उषाचं पदक एका शतांश सेकंदाने हुकलं ते १९८४ चं लॉस एंजेलिस आमच्या पिढीला पाठ आहे. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा धावली गेली ती त्याच लॉस एंजेलिसला. अमेरिकेच्या जोन बेनॉइटने ती जिंकली, २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत. तेव्हा मी तिसरीत होते. म्हणजे ही गोष्ट इतिहासातली नाही, माझ्या हयातीतली आहे. मावशीला मी हे सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं. पण सोसंल तेवढंच.’

४. सोबत कोण आहे, त्यावरून आपल्या शौर्याचं माप ठरत नाही. सप्टेंबरात दोन पोरं मोटारसायकलवर तीन दिवस माझ्या मागेमागे येत राहिली. बोलली काही नाहीत, पण मी आठवडाभर घरीच बसले. मग नवरा स्कूटीवर पाण्याची बाटली घेऊन मागे येऊ लागला. मला याचा आधी फार कमीपणा वाटला. नंतर १९६७ च्या बोस्टन मॅरेथॉनची गोष्ट नीट वाचली. कॅथरीन स्वित्झर २६१ नंबर लावून धावत होती. बाई धावतेय हे पाहून एक अधिकारी चिडून अंगावर आला आणि तिचा नंबर ओढून काढू लागला. तिच्याबरोबर धावणाऱ्या मित्राने त्याला धडक देऊन बाजूला फेकलं. मित्र हातोडाफेकपटू होता. माझा नवरा सहकारी संस्थेत हिशेबनीस आहे. पहिलं कुत्रं भुंकलं तेव्हा स्कूटी माझ्या पुढे निघून गेली.

५. आपल्याच गावातलं मोठेपण आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि त्याच कागदावर चिवडा खातो. परभणीची ज्योती गवते २०१७ ला मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. वेळ २ तास ५० मिनिटं ५३ सेकंद. मी तेव्हा ‘वा, आपली पोरगी’ म्हणून पान उलटलं होतं. हे आकडे काय आहेत ते कळायला मला स्वतःला बूट घालावे लागले. हिशेब केला : किलोमीटरला साधारण चार मिनिटं तीन सेकंद. चारशे मीटरची एक फेरी सत्त्याण्णव सेकंदांत. एका सकाळी स्टेडियमवर ठरवलं, एक, फक्त एक फेरी ज्योतीच्या वेगाने मारायची. अर्ध्यावर छातीत भाता सुरू झाला, पाऊण फेरीनंतर जोंधळ्याच्या कणसासारखी मान लवली, आणि रेघेपाशी पोचून मी मातीत बसले. घड्याळात दोन मिनिटं अकरा सेकंद. अशा एकशे साडेपाच फेऱ्या ती न थांबता मारते. २०१९ ला ती मुंबईत सुधा सिंगच्या मागे दुसरी आली, वेळ २:४५:४८. पहिली आली होती त्यापेक्षा पाच मिनिटं जलद. माझ्या वर्गातल्या मुलांना हे गणित म्हणून घातलं, तर एका मुलीने विचारलं, ‘बाई, मग दुसरा नंबर मोठा का पहिला?’ त्या प्रश्नाला मी अजून मार्क दिलेले नाहीत.

६. धावणाऱ्या बाईची सगळ्यात मोठी अडचण गुडघा नाही. बत्तीस किलोमीटरच्या दिवशी राहटीच्या पुलाच्या अलीकडे मला थांबणं भाग पडलं. पुरुषांना रस्त्याची कोणतीही कड चालते. डिसेंबरात तूर डोक्याइतकी झालेली, पण त्यात सापही असतात आणि मालकही. शेवटी एका आखाड्यावरच्या बाईला विचारलं. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहून एका शब्दाने चौकशी न करता शेणकुटांच्या मागची न्हाणी दाखवली. परत आले तर तिने रांजणातलं पाणी आणि गुळाचा खडा पुढे केला. ‘कुठून आलीस माय?’ परभणीहून. ‘पळत?’ हो. ‘आन् परत?’ पळत. ती हसली. ‘का’ म्हणून विचारलं नाही. त्या रविवारी तळहातावर ज्योतीचं नाव होतं. खरं तर या बाईचं लिहायला हवं होतं. मी नाव विचारायचं विसरले.

७. काळी माती कोणाचा मान ठेवत नाही. पावसात सर्व्हिस रोड सोडून एकदा शेतवाटेने गेले. शंभर पावलांत प्रत्येक बुटाला किलोभर चिखल. पुढचे चार महिने बूट हलके वाटले, एवढाच फायदा.

८. शाळामास्तरच्या सहीची किंमत असते. १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये बायकांना जागा नव्हती. स्टॅमाटा रेविथी नावाची एक गरीब ग्रीक बाई, कडेवरचं पोर असलेली, पुरुषांच्या शर्यतीनंतर दुसऱ्या दिवशी मॅरेथॉन गावाहून अथेन्सला एकटी धावली. निघण्यापूर्वी तिने गावच्या मास्तरांची आणि अधिकाऱ्यांची सही घेतली : अमुक वाजता निघाली. साधारण चाळीस किलोमीटर, साडेपाच तास. तिला स्टेडियममध्ये येऊ दिलं नाही. हे वाचून मी हजेरीपटावर आजवर केलेल्या सगळ्या सह्यांचा विचार करत बसले. त्या मास्तरांना कल्पना तरी असेल का, आपण कशावर सही करतोय?

९. फॉर्मवर पूर्ण नाव लिहावं. शाळेच्या सवयीने मी आद्याक्षरंच भरली, आणि छातीवरच्या बिबवर तीच छापून आली. मुंबईकर रस्त्याच्या कडेला उभे राहून बिबवरचं नाव वाचून ओरडतात, हे मला कुठे ठाऊक! माझ्या शेजारून एक स्मिता धावत होती. माहीमपासून पेडर रोडपर्यंत ‘कम ऑन स्मिता, शाब्बास स्मिता’ चाललेलं. मला कोणी हाक मारणार कशी, दोन अक्षरांना? पेडर रोडच्या चढावर पायांत गोळे आले, तेव्हा एका आजींनी संत्र्याची फोड हातात ठेवत विचारलं, ‘नाव काय गं तुझं?’ मी सांगितलं. त्यांनी ते एवढ्या मोठ्याने पुकारलं की आसपासच्या दहा जणांनी उचललं. स्वित्झरनेही फॉर्मवर आद्याक्षरंच लिहिली होती, के. व्ही. स्वित्झर. तिच्याशी माझं साम्य तेवढंच.

१०. मी पाच तास एक्कावन्न मिनिटांत पोचले. म्हणजे अंतर थोडं कमी होतं हे धरूनही सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रेविथीने मला थोडक्यात का होईना, मागे टाकलं असतं, आणि मला तर वाटेत इलेक्ट्रॉल, केळी, संत्री, दहा भाषांतल्या घोषणा, सगळं मिळालं होतं. रात्री देवगिरीने परत. सकाळी परभणी स्टेशनचा जिना मी उलटी, कठडा धरून, एकेक पायरी उतरले. मागून एक हमाल म्हणाला, ‘काय झालं मॅडम, पडल्या का?’ या वेळी मी खरं सांगितलं. ‘नाही. मुंबईत पळून आले.’ त्याने माझी पिशवी घेतली, रिक्षापर्यंत आणली आणि पैसे घेतले नाहीत.

आता दर रविवारी पहाटे पाचला कृषी विद्यापीठाच्या काळ्या कमानीपाशी आम्ही तिघी असतो. एक बँकेत आहे, एकीचं पार्लर आहे. कोणाला यायचं असेल तर जरूर या. पाण्याची बाटली आपली आपण आणायची, आणि असोला पाटीला आजोबा भेटलेच तर शुगर सांगायची नाही.