लोकगीतांच्या नोंदीतील अचूकता

खानदेशातील प्रत्येक गीतावर ‘अहिराणी लोकगीत’ असा सरसकट शिक्का मारणे योग्य नव्हे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी पुष्कळदा याच नावाखाली सादर केली जातात. वस्तुतः ती जळगावजवळच्या आसोदे येथे जन्मलेल्या एका शेतकरी स्त्रीची स्वतःची रचना असून त्यांची बोली लेवा गणबोली आहे. बहिणाबाई निरक्षर होत्या. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव व नातलगांनी ही गाणी लिहून ठेवली आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ‘पारंपरिक’ या एका शब्दाने कवयित्रीचे नाव पुसले जाते, तर ‘अहिराणी’ या शब्दाने तिची बोली.

याउलट, देवपूरसह धुळे परिसरात श्रावणात कानबाईच्या उत्सवात गायिली जाणारी अहिराणी गीते खऱ्या अर्थाने सामूहिक आहेत. त्यांना एक कर्ता चिकटविणेही तितकेच चुकीचे ठरेल.

म्हणून शिक्षकांनी व ग्रामपंचायतींनी गीत संकलित करताना गाणाऱ्याचे गाव, बोली, गाण्याचा प्रसंग आणि रचनाकार ज्ञात असल्यास त्याचे नाव, या चार बाबी अवश्य नोंदवाव्यात. जे निश्चित ठाऊक नाही, तो रकाना रिकामा ठेवावा. चुकीच्या नोंदीपेक्षा रिकामा रकाना बरा.