विसरणारे मन आणि जपायचे कागद

नारायणगडाच्या परिसरात दसरा-दिवाळी जवळ आली की अनेक घरांत दोन कामे एकदमच निघतात. ऊसतोडणीच्या टोळीबरोबर न्यायचे सामान बांधायचे असते आणि मागे वसतिगृहात राहणाऱ्या लेकराची पेटी भरायची असते. या दोन कामांच्या मध्ये एक प्लास्टिकची पिशवी असते. शिधापत्रिका, आधारकार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, असे घराचे सगळे कागद तिच्यात असतात. ती कारखान्यावर न्यावी की गावी ठेवावी, हा प्रश्न दरवर्षी पडतो. निघण्याच्या घाईत ती कोणीतरी ‘नीट जपून’ ठेवतो आणि चार महिन्यांनी ती कोठे ठेवली हे कोणालाच आठवत नाही.

स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षिकेकडून संस्थेच्या वाटचालीवरील लेख अपेक्षित असतो, याची मला कल्पना आहे. तरीही मी कागद सांभाळण्याविषयी लिहीत आहे आणि ज्यांना ते सांभाळता येत नाहीत त्यांच्यासाठी लिहीत आहे. मी स्वतः त्यांच्यातलीच एक आहे.

एका ओळीचे मोल

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला जात वैधता प्रमाणपत्र हवे असेल, तर आपले कुटुंब १० ऑगस्ट १९५० रोजी किंवा त्यापूर्वी महाराष्ट्रात राहत होते, हे पडताळणी समितीपुढे दाखवावे लागते. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी हाच दिनांक २१ नोव्हेंबर १९६१ आहे, तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांच्याकडे महसुली उतारे निघतात. ज्यांना जमीनच नव्हती त्यांनी काय दाखवावे? अशा वेळी आजोबा किंवा चुलत आजोबा चार दिवस का होईना शाळेत गेले असतील, तर जनरल रजिस्टरमधील त्यांच्या नावाची एक ओळ नातवाच्या कामी येते.

आपल्या समाजात या ओळीला आणखी एक पदर आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर पुष्कळ घरांत आजोबांच्या नोंदीत जातीचे नाव, तर नातवाच्या नोंदीत ‘बौद्ध’ असे आढळते. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या घटनात्मक आदेशात स्थान मिळाले ते १९९० च्या दुरुस्तीने. त्यामुळे तीन पिढ्यांचे कागद एका दोऱ्यात ओवूनच आपले म्हणणे सिद्ध करावे लागते. त्यातला एक मणी हरवला की पुढचे सारे अडते.

माझ्या हातून घडलेली चूक

बऱ्याच वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होते. अध्यापनाबरोबर दाखल्यांचे कामही माझ्याकडे होते. एक पालक टोळीबरोबर निघण्याच्या दोन दिवस आधी आले. मुलाच्या वैधतेसाठी त्यांना आपल्या वडिलांचा प्रवेश-निर्गम उतारा हवा होता. “बाई, आम्ही चाललो कारखान्यावर, तेवढं बघा,” एवढेच ते म्हणाले. मी अर्ज घेतला, रजिस्टरमध्ये नोंद शोधली, ती सापडलीही. उतारा लिहून काढला. मुख्याध्यापक त्या दिवशी बैठकीला गेले होते, म्हणून सहीसाठी तो कागद बाजूला ठेवला. इतका महत्त्वाचा कागद टेबलावर नको म्हणून ‘सुरक्षित जागी’ ठेवला.

पुढे तो मला दिसला तो उन्हाळ्यात, सहामाहीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात. आवक रजिस्टरमध्ये मी तो अर्ज चढवलाच नव्हता, त्यामुळे मधल्या काळात त्याची आठवण करून देणारे काहीही नव्हते. ते गृहस्थ दूर उसाच्या फडात होते. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी फोनही केला नव्हता. प्रस्ताव उशिरा गेला आणि त्या वर्षीचा मुलाचा प्रवेश हुकला. पुढच्या वर्षी तो झाला. पण ऊसतोडीच्या घरात एक वर्ष म्हणजे काय, हे या भागातील वाचकांना मी सांगायला नको. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर मी किती वेळा निश्चय केला असेल! नव्या वह्या आणल्या, कपाट आवरले, रात्री उशिरापर्यंत बसून याद्या केल्या. पंधरा दिवसांत टेबल पुन्हा पूर्वीसारखे होई. वर्गात मला पानिपताची कारणे सलग तासभर सांगता येत, पण हातात आलेले परिपत्रक योग्य फाईलला लावणे मात्र जमत नसे. सहकारी ‘विसरभोळ्या बाई’ म्हणत. मी स्वतःला त्याहून कठोर शब्द वापरत असे.

आळस की विकार?

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी भाच्याला घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्याच्याविषयी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देता देता माझ्या लक्षात आले की मी माझेच बालपण सांगत आहे. पुढे माझीही रीतसर तपासणी झाली. या अवस्थेला अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एडीएचडी’ हे नाव आता वृत्तपत्रांतूनही वाचायला मिळते.

हा विकार बालपणापासूनच असतो. २०१३ च्या अमेरिकन निदान-निकषांनुसार त्याची काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात. तो कुटुंबात पुष्कळ अंशी आनुवंशिकतेने येतो, म्हणून मुलाच्या निदानातून पालकाचे किंवा आत्याचे निदान होणे नवलाचे नाही. काहींत धावपळ व उतावळेपणा अधिक दिसतो, तर काहींत केवळ लक्ष निसटते. हा दुसरा प्रकार शांत असतो. खिडकीबाहेर पाहत बसलेली मुलगी वर्गाला त्रास देत नाही, म्हणून ती कोणाच्या नजरेतही येत नाही.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. १९०२ मध्ये लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली, तेव्हा त्यांनी या अवस्थेला नैतिक नियंत्रणातील उणीव असे म्हटले होते. म्हणजे वैद्यकशास्त्रानेही आरंभी याकडे चारित्र्याच्या चष्म्यातूनच पाहिले. आज आपल्याला ठाऊक आहे की काम सुरू करणे, क्रम ठेवणे, हातातील गोष्ट क्षणभर ध्यानात धरणे आणि वेळेचा अंदाज घेणे या मेंदूच्या कार्यांशी त्याचा संबंध आहे. धम्मात प्रमादाला दोष मानले आहे हे खरे. परंतु ज्याचे लक्ष त्याच्या इच्छेविरुद्ध निसटते त्याला प्रमादी ठरवणे न्यायाचे नाही.

याचा अर्थ प्रत्येक विसराळू माणसाला हा विकार असतो असा नव्हे. अपुरी झोप, चिंता, नैराश्य, थायरॉईड यांमुळेही लक्ष लागत नाही. निदान तज्ज्ञांनीच करावयाचे असते आणि औषध त्यांच्याच सल्ल्याने घ्यावयाचे असते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करता येईल. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

शेजारच्या जिल्ह्यातील धडा

औषधाने लक्ष टिकायला मदत होते, मात्र कपाट आपोआप लागत नाही. त्यासाठी मला जी रीत सापडली ती आपल्याच महसूल कार्यालयांतील आहे. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अनिलकुमार लखिना हे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कार्यालयातील वर्षानुवर्षांचे कागद निवडून, वर्गवारी करून लावून घेतले आणि कामाची रचना बदलली. तो प्रयोग ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर ओळखला गेला. २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम राबवली, तेव्हाही कागद निवडण्यावरच भर होता. या साऱ्यांत लिपिकांच्या परिचयाची एक पद्धत आहे, ती म्हणजे सहा गठ्ठे पद्धत. शाळेच्या भाषेत ती अशी सांगता येईल :

१. आपण कार्यवाही करावयाची प्रकरणे : दाखल्याचे अर्ज, उत्तर द्यावयाची पत्रे.
२. प्रतीक्षाधीन प्रकरणे : आपले काम झाले, दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे. उदा. समाजकल्याण कार्यालयाकडे गेलेला शिष्यवृत्तीचा प्रस्ताव.
३. नियतकालिके : ठरावीक मुदतीने पाठवावयाची माहिती, जसे मासिक पट, युडायस.
४. स्थायी आदेश : शासन निर्णय व परिपत्रके.
५. अभिलेखात पाठवावयाची, काम संपलेली प्रकरणे.
६. मुदत संपल्यावर नष्ट करावयाचे ‘ड’ वर्गाचे कागद.

शेवटच्या दोन गठ्ठ्यांमागे अभिलेखांची वर्गवारी आहे. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा. जनरल रजिस्टर कायम जपायचे असते, सहलीची जुनी सूचना नव्हे. माझ्या कपाटात या दोन्ही गोष्टी एकाच फडक्यात बांधलेल्या होत्या.

ही पद्धत माझ्यासारख्या मनाला का मानवते, याचा मी पुष्कळ विचार केला. हातात आलेला प्रत्येक कागद एक प्रश्न विचारतो : माझे काय करायचे? जागा चाळीस असतील तर मन थकते आणि कागद ‘तूर्त’ बाजूला ठेवते. ढीग हा अशा पुढे ढकललेल्या निर्णयांचाच असतो. जागा सहाच असतील तर निर्णय लवकर होतो. मात्र मूळ पद्धतीत मला चार गोष्टींची भर घालावी लागली.

पहिली गोष्ट, गठ्ठे डोळ्यांसमोर हवेत. माझ्या बाबतीत कपाट बंद झाले की कागद जगातूनच नाहीसा होतो. म्हणून पहिले दोन गठ्ठे मी उघड्या ट्रेमध्ये ठेवते आणि वर मोठ्या अक्षरांत नाव लिहिते. दुसरी, आवक रजिस्टरमध्ये नोंद झाल्याशिवाय कागद हातातून खाली ठेवायचा नाही. अर्जदाराला लगेच पोच द्यायची. माझी आठवण गेली तरी पोच त्याच्या खिशात राहते. तिसरी, ‘सुरक्षित जागा’ हा प्रकारच बंद. सहांपैकी एक गठ्ठा, सातवी जागा नाही. चौथी, दर शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी अर्धा तास गठ्ठे चाळायचे आणि ते एकटीने नाही. आमच्या कार्यालयातील मावशी शेजारी येऊन बसतात. त्या काही करत नाहीत, चहा घेतात आणि “बाई, हे कशातलं?” एवढे विचारतात. सोबत कोणी असले की निसटणारे लक्ष परत येते, हा माझा अनुभव आहे.

घरी आणि वसतिगृहात

घराला सहा गठ्ठ्यांची गरज नाही, तीन पुरतात : कायमचे कागद, चालू कामाचे कागद आणि टाकून द्यायचे कागद. कायमच्या कागदांची यादी फोल्डरच्या झाकणावरच लिहावी. टोळीबरोबर जाताना छायाप्रती न्याव्यात. मूळ प्रती गावी थांबणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे ठेवाव्यात आणि कोणाकडे ठेवल्या हे मुलालाही सांगावे. मोबाईलवर प्रत्येक कागदाचे छायाचित्र असावे. आधारसारखे काही कागद डिजिलॉकरवरही ठेवता येतात.

वसतिगृहातील मुलाची वही रोज हरवत असेल तर त्याला शिक्षा करण्यापूर्वी त्याच्या पेटीच्या झाकणाला आतून एक यादी चिकटवून पाहावी आणि महिनाभर एका मोठ्या मुलाला त्याच्या सोबतीला द्यावे. एवढ्याने भागत असेल तर उत्तमच. भागत नसेल तर पालकांशी बोलून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची कितीतरी हस्तलिखिते अप्रकाशित राहिली होती. काही प्रकरणे अपुरी होती, काहींचा क्रम ठरवावा लागणार होता. महाराष्ट्र शासनाच्या प्रकाशन समितीचे काम करताना वसंत मून यांनी ते कागद निवडले, लावले आणि पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी निघाला. आज आपण ते खंड कपाटातून सहज काढतो. त्यांमागे कोणीतरी पान न् पान हाताळत बसले होते, हे ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट बाबासाहेबांकडून घेण्यासारखी आहे. बहुसंख्याकांच्या सदिच्छेवर विसंबून न राहता त्यांनी कायदेशीर संरक्षणे मागितली, कारण सदिच्छा आज असते, उद्या नसते. माझ्या निश्चयांचेही तसेच होते. आता मी निश्चय करत नाही. ट्रे, रजिस्टर, पोच आणि शनिवारचा अर्धा तास यांच्यावर विसंबते. तो उतारा ज्यांना वेळेवर मिळाला नाही, त्यांचे मी काही परत करू शकत नाही. पण त्यानंतर माझ्याकडे आलेला प्रत्येक अर्ज कोणत्या गठ्ठ्यात आहे, हे आज मला सांगता येते.

जय भीम.