जुने गावनकाशे आणि घराण्याचा शोध

सीमाभागातील अनेक कुटुंबांना पणजोबांचे नाव ठाऊक असते. परंतु त्यांचे शेत कोठे होते, हे सांगता येत नाही. सांगणारी वडीलधारी माणसे निघून गेली आणि जिल्ह्यांच्या सीमाही बदलल्या. अशा वेळी जुना गावनकाशा हा भरवशाचा वाटाड्या ठरतो.

मुंबई इलाख्यात रूढ झालेल्या जमीनमोजणीचा आरंभ गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात केला. पुढे ही पद्धत बेळगाव जिल्ह्यातही आली. ३३ फुटी साखळीने शेत मोजून त्यास सर्व्हे नंबर देण्यात आला. गावठाण, ओढे, विहिरी, देवळे, गाडीवाटा व शिवेचे दगड नकाशावर दाखविण्यात आले.

नकाशावर खातेदारांची नावे नसतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. म्हणून शोधाचा क्रम असा ठेवावा. घरातील जुना दस्त, खातेवही किंवा शेतसाऱ्याची पावती यांवरून सर्व्हे नंबर शोधावा. तो नकाशावर पाहावा. त्यानंतर आकारबंद, हक्कनोंदणी व फेरफार यांतून त्या नंबराचे खातेदार पिढीवार मांडावेत. एका नंबराचे पुढे पोटहिस्से पडले असतील, तर ती बहुधा भाऊवाटणीची किंवा विक्रीची खूण असते. फेरफारावरून तिची खात्री करावी.

कोणत्या कचेरीत शोधावे, हा या भागातील खरा प्रश्न आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. चंदगड तालुका त्याच जिल्ह्यात होता. तो नंतर कोल्हापूरकडे आला. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले. संस्थानी गावांची जुनी कागदपत्रे कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात पाहावी लागतात. निपाणी पूर्वी चिकोडी तालुक्यात होती, आता ती स्वतंत्र तालुका आहे. २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. म्हणून दोन्ही नावांनी शोध घ्यावा. जुने दप्तर बहुतांशी मोडीत, तर नवे कन्नडमध्ये आहे. शाळांनी मोडीचे वाचनवर्ग चालविल्यास गावाची मोठी सोय होईल.

कर्नाटकाच्या भूमापन खात्याने गावनकाशे संगणकावर उपलब्ध केले आहेत. जुना नकाशा आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून देऊळ, ओढा किंवा शिवेचा दगड जुळवावा. तीन खुणा जुळल्या की शेताची जागा बहुधा सापडते. हिडकल धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या वंशजांना तर मूळ गावठाण पाहण्यास नकाशावाचून दुसरा मार्ग क्वचितच उरतो.

आयर्लंडमध्ये १९२२ साली डब्लिनचे अभिलेखागार जळाले आणि बहुतेक जुनी जनगणनापत्रे नष्ट झाली. तेथील लोक एकोणिसाव्या शतकातील नकाशे व ग्रिफिथ यांची शेतसारा-आकारणी एकत्र वाचून पूर्वजांची शेते शोधतात. आपल्याकडे दप्तर अजून शिल्लक आहे.

मात्र जुना नकाशा हा मालकीचा पुरावा नव्हे. तंट्यासाठी नव्हे, तर ओळखीसाठी त्याचा उपयोग करावा. घरातील वृद्धांना तो दाखवून त्यांनी सांगितलेली शेतांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवावीत. कागद कचेरीत राहतो. आठवण राहत नाही.